सनद मिळाली, ब्रीफ कुठे?

बॅरिस्टर म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे नाटकातला बॅरिस्टर उभा राही. काळा झगा, दाराशी मोटार आणि ओसरीवर अशिलांची रांग! डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले हे शाळेतच पाठ झाले होते. त्यामुळे पुढचे सारे सुरळीत झाले असणार, अशी माझी समजूत. पण आम्हां कॉमर्सवाल्यांना जड जाणारा मर्कंटाइल लॉ हा विषय बाबासाहेब मुंबईत शिकवीत असत, आणि तेही संसार चालावा म्हणून, हे कळल्यावर मी त्यांचे चरित्र ग्रंथालयातून पुन्हा आणले.

बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले व १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले. मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९१८ साली सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये अशी कुरकुर झालीच. पगारातून काटकसरीने पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले.

१९२३ साली मुंबईला परतले तेव्हा वकिलीची सनद काढायलाही हाताशी पैसा नव्हता. पुन्हा भथेनाच धावून आले. असा एक मित्र प्रत्येक नव्या वकिलाच्या नशिबी असावा!

सनद तर मिळाली, पण काम कोण देणार? मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला अशील सरळ बॅरिस्टरकडे जात नसे. तो सॉलिसिटरकडे जाई, आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देई. म्हणजे नव्या माणसाची विद्वत्ता कोर्टापुढे येण्याआधी सॉलिसिटरच्या पेढीत त्याची ओळख हवी. ओळखी घराण्याच्या, जातीच्या, क्लबातल्या. महारांच्या घरात जन्मलेल्या या बॅरिस्टराची अशी ओळख कोण करून देणार? दोन परदेशी विद्यापीठांच्या मोठ्या पदव्या असूनही सॉलिसिटर फिरकेनात. मग खालची कोर्टे आणि मुंबईबाहेरचे खटले यांवरच भिस्त.

म्हणून १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते मर्कंटाइल लॉ शिकवीत होते. हिशेब मांडायचा तर ग्रेज इनची वाट सिडनहॅमच्या पगाराने सुकर केली आणि हायकोर्टातले पहिले दिवस अकाउंटन्सीच्या वर्गाने निभावले. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मला याचा थोडा अभिमान वाटतो. आमचे त्यात काही कर्तृत्व नाही, ही गोष्ट वेगळी.

परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत मात्र गोरगरिबांची ये-जा असे. सॉलिसिटर नसलेली ही माणसे आपले गाऱ्हाणे थेट घेऊन येत. ज्यांच्याकडून फी मिळणे कठीण, त्यांचाच या वकिलावर पूर्ण भरवसा! याच ओढगस्तीच्या काळात, एप्रिल १९२५ मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या निपाणीला येऊन त्यांनी अस्पृश्यांच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

पुढच्याच वर्षी त्यांचे नाव गाजले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर पुण्यात अब्रुनुकसानीचा खटला झाला व खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले. समोर ल. ब. भोपटकरांसारखा कसलेला वकील. आरोपी सुटले. ज्यांचे अपील त्यांनी चालवले ते सवर्ण समाजातले पुढारी होते, हे मला विशेष वाटते.

१९२८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १ जून १९३५ रोजी तिथलेच प्रिन्सिपॉल झाले. ज्याला कोणी ब्रीफ देत नव्हते, त्याच्याच हाताखाली आता मुंबईचे उद्याचे वकील तयार होऊ लागले. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी जानेवारी १९३६ मध्ये सविस्तर लेख लिहिला. तो छापून आला त्या कॉलेजच्या मासिकात, म्हणजे आपल्या या अंकासारख्याच एका अंकात.