ज्यूल चार्नी

ज्यूल ग्रेगरी चार्नी (१ जानेवारी, १९१७:सान फ्रान्सिस्को, अमेरिका - १६ जून, १९८१:बॉस्टन, अमेरिका) हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ होते. संगणकाच्या साहाय्याने हवामानाचा अंदाज वर्तवण्याच्या पद्धतीचे ते प्रवर्तक मानले जातात. उष्ण कटिबंधातील अभिसरण, म्हणजे उबदार व बाष्पयुक्त हवा वर चढून ढग बनण्याची क्रिया, हा त्यांच्या उत्तरकालीन संशोधनाचा महत्त्वाचा विषय होता.

जीवन

चार्नी यांचे आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित होते. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९४६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९४८ पासून त्यांनी प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांच्या प्रकल्पात काम केले. १९५० मध्ये या गटाने एनिॲक संगणकावर पहिले हवामान अंदाज तयार केले. १९५६ पासून अखेरपर्यंत ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक होते.

उष्ण कटिबंधाविषयीचे संशोधन

एनिॲकवर वापरलेली सोपी समीकरणे मध्य अक्षांशांत उपयोगी ठरली, परंतु विषुववृत्ताजवळ ती लागू पडत नाहीत. तेथे कोरिऑलिस प्रेरणा क्षीण असल्याने दाबातील फरक टिकत नाहीत आणि एकाच उंचीवरील तापमान दूरवर जवळजवळ सारखे राहते. ही बाब चार्नी यांनी १९६३ मध्ये गणिताने मांडली. त्यामुळे पाऊस पडताना मुक्त होणारी सुप्त उष्णता उष्ण कटिबंधात निर्णायक ठरते.

मात्र एकेक ढग प्रतिमानाच्या जाळीतील चौकोनापेक्षा फार लहान असतो. त्याचा परिणाम मोठ्या प्रवाहांवरूनच अप्रत्यक्षपणे काढावा लागतो. १९६४ मध्ये चार्नी व आर्न्ट एलियासेन यांनी चक्रीवादळासाठी असा संबंध सुचवला: पृष्ठभागावरील घर्षणामुळे बाष्प केंद्राकडे ओढले जाते, त्यातून मुक्त झालेली उष्णता वादळाला बळ देते आणि बाष्पाचा ओघ आणखी वाढतो. समुद्रपृष्ठावरून मिळणाऱ्या उष्णतेला या सिद्धांतात पुरेसे स्थान नाही, अशी टीका पुढे झाली.

१९८१ मध्ये चार्नी व त्यांचे विद्यार्थी जगदीश शुक्ल यांनी मोसमी पावसाच्या भाकिताविषयी लेख प्रसिद्ध केला. समुद्रपृष्ठाचे तापमान, जमिनीतील ओलावा यांसारख्या संथपणे बदलणाऱ्या घटकांमुळे ऋतूच्या सरासरी पावसाचा अंदाज शक्य असावा, असे त्यात प्रतिपादन होते.

चार्नी अहवाल

१९७९ मध्ये वूड्स होल येथे चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शुकुरो मानाबे व जेम्स हॅन्सन यांच्या प्रतिमानांचे परीक्षण केले. मानाबे यांच्या प्रतिमानात अभिसरणाची मांडणी सोपी होती: उंचीनुसार तापमान ठरावीक मर्यादेपेक्षा जलद घटू लागल्यास ते त्या मर्यादेवर आणले जाई. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान १.५ ते ४.५ अंश सेल्सियस, बहुधा ३ अंश, वाढेल असा समितीचा निष्कर्ष होता. २०२१ मध्ये आयपीसीसीने हा पल्ला २.५ ते ४ अंश असा अरुंद केला, पण सर्वोत्तम अनुमान ३ अंशच राहिले. या अनुमानातील अनिश्चिततेचे प्रमुख कारण आजही ढग हेच आहे.