मिरजेचे वानलेस आणि त्यांच्या हाती कधीच न आलेली गोळी

मिरज म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, सतारी आणि दवाखाने. त्यातली दवाखान्यांची गोष्ट एका परदेशी डॉक्टरपासून सुरू होते.

विल्यम जेम्स वानलेस १८६५ साली कॅनडात जन्मले. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकी शिकून १८८९ मध्ये ते मिशनचे डॉक्टर म्हणून सांगलीत आले. काही वर्षांनी शेजारच्या मिरजेत गेले, तिथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल आणि १८९७ मध्ये मेडिकल स्कूल सुरू झालं.

वानलेस मूळचे सर्जन. पण क्षय आणि कुष्ठरोगापुढे त्यांचा चाकू चालण्यासारखा नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला होता, क्षयाचा १८८२ मध्ये. शत्रू दिसत होता, पण त्याला मारणारं खात्रीचं औषध नव्हतं. मग वानलेस यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय आणि क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभारायला हातभार लावला. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. सॅनेटोरियममधला उपचार काय, तर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस जेवण! साताऱ्यातल्या पाचगणीत डॉ. बिलिमोरियांचं बेल एअर उभं राहिलं, तेही याच भरवशावर.

१९२८ मध्ये वानलेस यांना 'सर' किताब मिळाला. १९३३ मध्ये ते अमेरिकेत वारले.

त्यानंतर जवळपास पाव शतकानं, १९५७ मध्ये, मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेला फ्रान्समधल्या मातीतल्या एका जिवाणूत रिफामायसिन मिळालं. त्यात सुधारणा करून १९६०च्या दशकात रिफाम्पिसिन तयार झालं.

ते काम कसं करतं? जगायचं तर जंतूला प्रोटीन बनवावं लागतं आणि त्यासाठी आधी जनुकाची आरएनए नक्कल काढावी लागते. ही नक्कल काढतं आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम. रिफाम्पिसिन नेमकं त्यालाच चिकटतं. दोन-तीन अक्षरं झाली की नक्कल अडते आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशीतलं एन्झाइम वेगळ्या घडणीचं असल्यानं ते बचावतं.

आज क्षयाच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये आणि कुष्ठरोगाच्या एमडीटीमध्येही हेच औषध असतं. म्हणजे वानलेस यांनी ज्या दोन आजारांसाठी वेगळे निवारे उभे केले, त्या दोन्हींवर. (लघवी नारिंगी होते ती याच गोळीनं, घाबरून औषध सोडू नका.)

मात्र जंतूच्या आरपीओबी जनुकात छोटासा बदल झाला, की गोळी एन्झाइमला नीट चिकटत नाही. सीबीनॅट चाचणी हाच बदल शोधते. तो आढळला तर डॉक्टरांना दुसरी औषधं द्यावी लागतात.