गोळीच्या कागदामागचा माणूस

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही सात दिवस एका खेड्यात होतो. सकाळी श्रमदान आणि दुपारी गावातील मुलांसाठी वाचन-लेखनाचा तास, असा कार्यक्रम होता. मुलांचा तास माझ्याकडे आला. पावसाळ्यातील एक दिवस, माझी आवडती सहल असले विषय फळ्यावर लिहिण्याचा मला कंटाळा आला होता, कारण ते मी स्वतः शाळेत असताना गाईडमधून पाठ केले होते. म्हणून प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी ठेवली आणि सांगितले, ही कशी तयार होत असेल ते मनाने लिहा. मुलांनी विषय ठेवला, चॉकलेट कसे होते. आमच्याकडे कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी म्हणजे चॉकलेटच. त्यात कोको असो वा नसो!

मुले लिहू लागली, पण एकाने मलाच विचारले की हे पहिल्यांदा कोणी केले. मला उत्तर आले नाही. घरी आल्यावर आजीला विचारले. तिच्या लहानपणी गोळीला दुसरे नावच नव्हते, वाण्याकडे जाऊन रावळगाव मागायचे. गावाचे नाव गोळीला कसे पडले, हे शोधायला मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. ज्या माणसापाशी जाऊन पोचलो त्याचे नाव सांगलीला वक्तृत्व स्पर्धेला गेलो असताना विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकावर वाचले होते. वाचले होते, एवढेच. शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन. पूर्वज व्यापारासाठी दक्षिणेत आले ते प्रथम आपल्या फलटणला आणि तेथून सोलापूरला. घरचा धंदा कापसाचा व सावकारीचा होता. १८९९ साली वालचंद मॅट्रिक झाले आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेतले. म्हणजे हा माणूस आपल्यासारखाच कला शाखेचा विद्यार्थी होता. (कला शाखेला जाऊन काय करणार, असे विचारणाऱ्या आमच्या भावकीला हे मी आवर्जून सांगितले आहे.)

घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत कारकुनी केलेले एक गृहस्थ त्यांना भेटले. फाटकांना कामाची माहिती होती आणि वालचंदांकडे भांडवल व हिंमत होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम घेतले. तेव्हा वालचंद पंचविशीच्या आसपास होते. पुढे ठेके वाढत गेले. खंडाळ्याच्या घाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारी नळयोजना ही त्यांच्या कंपन्यांची कामे होत. पुण्याहून मुंबईला जाताना गाडी बोगद्यात शिरली की आपण खिडकीतून ओरडतो. तो डोंगर कोणी फोडला, हा विचार निदान माझ्या मनात कधी आला नव्हता.

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक आगबोट विक्रीला निघाली, तिचे नाव लॉयल्टी. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती भागीदारांसह ती विकत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडी इतकी खाली आणली की नवी कंपनी बुडावी. सिंदियाने तोटा सोसला आणि ती टिकली. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद तिचे अध्यक्ष होते. १९४० साली बंगलोरला म्हैसूर सरकारच्या सहकार्याने विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणी, नंतर मुंबईला मोटारींचा कारखाना, या गोष्टी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असतात, म्हणून मी त्यांत शिरत नाही. मला गोळीकडे जायचे आहे.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. तेथील माळरानाची जमीन घेऊन वालचंदांनी ती लागवडीखाली आणली. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिले आणि देशभर कारखाने निघू लागले. रावळगावचा साखर कारखाना १९३३ चा. इंदापूर तालुक्यातील कळंब येथेही त्यांनी ऊस आणि साखर यांचा मोठा पसारा उभा केला, तेच आजचे वालचंदनगर. आणि १९४२ साली, ऐन महायुद्धात, रावळगावला साखरेच्या गोळ्या तयार होऊ लागल्या. जहाजे आणि विमाने बांधायला निघालेल्या माणसाला एका पैशाच्या गोळीत काय गोडी वाटली असेल, असे आपल्याला वाटते. पण साखर स्वतःची, मग तिचा पुढचा जिन्नस दुसऱ्याने का करावा, हा साधा व्यापारी हिशेब त्यात असावा असा माझा तर्क आहे.

ही गोळी होते कशी, हे वाचताना मला आमच्याकडचे गुऱ्हाळच दिसू लागले. साखर पाण्यात विरघळवून तिच्यात ग्लुकोजचा दाट पाक घालतात. तो नसेल तर थंड होताना साखरेचे पुन्हा दाणे धरतात आणि गोळी काचेसारखी न होता खरबरीत होते. हे मिश्रण सुमारे १५० अंशांपर्यंत आटवतात, तेव्हा त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. मग ते थंड पत्र्यावर ओतून, रंग व स्वाद घालून मळतात, त्याचा लांब दोर ओढतात आणि साच्यातून त्याच्या गोळ्या पाडतात. टॉफीत दूध आणि स्निग्ध पदार्थ असतात, तिला आच कमी लागते. तिचा तपकिरी रंग दूध व साखर एकत्र तापल्यामुळे येतो. यंत्रे नव्हती तेव्हा पाक झाला की नाही हे थंड पाण्यात थेंब टाकून पाहत. मऊ गोळी वळली तर अजून कच्चा, आणि कडकडून मोडली तर गोळ्यांना योग्य. आमचा गुळव्यादेखील काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघतो आणि मगच आधण वाफ्यात उतरवतो. त्याला अंश ठाऊक नसतात, पण त्याची बोटे चुकत नाहीत.

खऱ्या चॉकलेटची कुळकथा निराळी. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून तासन्‌तास वाटाव्या लागतात. कोको आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र या बाजूंना होतो. पुत्तूरला सुपारी बागायतदारांच्या सहकारी संस्थेने १९८६ साली चॉकलेटचा कारखानाही काढला. इंग्रजीच्या सरांनी मला सांगितले की रोआल्ड डाल हा लेखक विलायतेत शाळेत असताना कॅडबरी कंपनी नवी चॉकलेटे मुलांकडे चव घेण्यासाठी पाठवीत असे आणि त्याच आठवणीतून त्याने चॉकलेटच्या कारखान्याची मुलांची कादंबरी लिहिली, ती १९६४ साली निघाली. रावळगाववर अशी कादंबरी मराठीत कोणी लिहिली असती तर तिच्यात काहील, चुलवाण आणि मळी नक्की आली असती.

वालचंदांचा हात आमच्या घरापर्यंतही पोचला होता, हे मला या शोधात कळले. सातारारोड स्टेशनाजवळचा कारखाना १९२२ साली धनजीशहा कूपर यांनी काढला. तेथे लोखंडी नांगर होत, पुढे डिझेल इंजिने होऊ लागली. १९४० साली तो वालचंदांच्या समूहाकडे आला. माझे आजोबा तेथे ओतशाळेत साच्यांची माती कालवीत. मालक कधीच बदलले होते, पण आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत कूपरच राहिला. आजोबांना सही येत नसे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला.

म्हणूनच वालचंदांविषयी लिहिताना माझे मन एका बाजूला राहत नाही. परक्या सत्तेच्या नाकावर टिच्चून बोटी चालविणारा माणूस म्हणून त्यांचा अभिमान वाटतो. पण त्यांच्या उसाच्या मळ्यांत वाकलेल्या माणसांची नावे त्यांच्या चरित्रात नसतात, हेही खुपते. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले, १९६३ साली राज्य शेती महामंडळ झाले आणि रावळगावचा मळाही त्याच्याकडे आला. ते पाहायला वालचंद नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघात झाला, लवकरच त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले आणि पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. सांगलीचे महाविद्यालय धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने सुरू केले होते. त्याला वालचंदांचे नाव मिळाले ते १९५५ साली, त्यांच्या मागे. फाटकावरचे ते नाव त्यांनी स्वतः कधी पाहिले नाही. रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि कृती २०२४ साली २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेली. हे आजीला सांगितले तर तिने मला उलट विचारले, मग आता गोळीला काय म्हणायचे?

शिबिरातील वह्या अजून माझ्याकडे आहेत. बहुतेकांनी गुऱ्हाळच लिहिले आहे, फक्त ढेपेच्या जागी गोळ्या. एकाने गोळ्यांना कागद गुंडाळायला मुंग्या कामाला लावल्या आहेत आणि मजुरी म्हणून त्यांना एकेक दाणा दिला आहे. बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळीतील एक मुलगी कोपीवरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन येत असे. तिने लिहिले आहे की तिच्या आईने तोडलेला एक ऊस मोळीतून निसटला, गाडीबरोबर कारखान्यात गेला, पाकात उकळला, कागदात शिरला आणि गावोगाव विचारत विचारत तिच्या हातात आला. भाऊ रडत होता, त्यामुळे गोष्ट पुढे झाली नाही. दुसऱ्या दिवशी पुरी करते असे सांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी तेथील फड संपला म्हणून टोळी पहाटेच पुढच्या गावाला निघून गेली होती. वहीच्या शेवटच्या पानावर गोळीचा रिकामा कागद भाताच्या शिताने चिकटवलेला आहे.