मानलेली मावशी

पांढुर्णा जिल्ह्यातील रामाकोना हे माझे गाव. शेजारच्या बाईला आईने एकदा बहीण मानली, की ती आम्हा मुलांची मावशी झालीच. रक्ताचा पुरावा कोणी मागत नसे. या नात्याचा विषय निघाला, की मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात.

१८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले. १८८० साली ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले. त्यांनी पत्र धाडले, पत्रांतून माया जडली आणि आनंदीबाईंना परक्या मुलखात मावशी मिळाली.

जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. आनंदीबाईंनी स्वधर्म सोडला नाही. त्याने मायेत अंतर पडले नाही. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या.

आपल्या कोल्हापुरातील अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने घात केला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पौकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती विसावली आहे. मावशीने भाचीला आपल्या माणसांत जागा दिली.