कुवेतहून आलेलं पत्र आणि मिरजोळीचे हमीदभाई

माझं ऑफिस दस्मानला आहे. एका बाजूला दस्मान राजवाड्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्राकाठचा रस्ता आणि थोडं पुढे निळ्या गोळ्यांचे ते कुवेत टॉवर्स. मे महिना लागला की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. सूर्य कलल्यावर मात्र समुद्राकडून थोडा वारा येतो. मग मी पार्किंगकडे न जाता आधी किनाऱ्यावर एक चक्कर मारतो. चालता चालता चिपळूण, खेड, दापोलीकडची आपली बोली हमखास कानावर पडते आणि क्षणभर आपण वाशिष्ठीच्या काठावर आहोत असं वाटतं.

मी त्याच भागातला, एका कोकणी मुसलमान घरातला. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झालो आणि गेली काही वर्षं इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर वर्षी ३ मे आला की मला आमच्याच पंचक्रोशीतल्या एका माणसाची आठवण होते. हमीद दलवाई. १९७७ साली याच तारखेला ते गेले. माझा जन्म त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी झाला, म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं नाव मात्र मी नऊ वर्षांचा असताना ऐकलं. ते कसं, ते आधी सांगतो.

आमच्या फुफीला एक पत्र आलं होतं. तिचा नवरा परदेशी नोकरीला होता. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं. त्यात तलाक हा शब्द तीन वेळा लिहिला होता. घरात रडारड झाली, मग एकदम सगळं शांत झालं. आजोबा आणि गावातली चार मोठी माणसं मशिदीच्या ओट्यावर बसली. पत्र हातोहात फिरलं आणि निकाल लागला की झालं ते झालं, आता इद्दत पाळायची. फुफी तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पदरात एक मुलगी. त्या रात्री दादी चुलीपाशी बसून पुटपुटली की मिरजोळीचा तो हमीद हेच तर सांगत होता. आजोबांनी तिला दरडावलं की त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. लहान मुलाला अशी बंदी घातली की ते नाव पक्कं लक्षात राहतं. माझंही तसंच झालं.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला असताना लायब्ररीत त्यांची पुस्तकं सापडली. मग मी ते आयुष्य तुकड्यातुकड्यांनी जुळवत गेलो.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीतला. घर साधंच. शाळकरी वयात ते राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जाऊ लागले, साने गुरुजींच्या विचारांचा संस्कार तिथे झाला. फाळणीच्या आधीचा तो काळ लक्षात घ्या. मोहल्ल्यातला एक मुसलमान पोरगा सेवा दलात जातो, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. पुढे ते मुंबईला आले, लिहू लागले. १९६१ मध्ये ‘लाट’ हा कथासंग्रह आला आणि १९६५ मध्ये ‘इंधन’ ही कादंबरी. कोकणातल्या गावातली हिंदू-मुसलमान माणसं, त्यांचं एकमेकांत गुंतलेलं जगणं आणि आतून धुमसणारा संशय त्यांनी जसा पाहिला तसा लिहिला. कादंबरीचं कौतुक झालं, तिला राज्य पुरस्कार मिळाला. गावाकडची माणसं मात्र दुखावली. आरशात पाहायला कुणाला आवडतं?

आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त ते पत्रकार होते. त्या निमित्ताने देशभर फिरले, मुसलमान वस्त्यांमध्ये राहिले, लोकांशी तासन्‌तास बोलले. एवढं चांगलं ललित लिहिणारा माणूस पुढे कथा-कादंबरी बाजूला ठेवतो आणि समाजसुधारणेच्या कामात स्वतःला झोकून देतो, याचं मराठी वाचकाला वाईट वाटतं. मलाही वाटतं. पण या फिरण्यात त्यांना जे दिसलं ते पाहून त्यांना गप्प बसवेना.

काय दिसलं? एका शब्दावर मोडणारे संसार. एकीचा संसार चालू असताना आणली जाणारी दुसरी. शिकलेले लोक हे सगळं जाणत होते, पण उघड बोलत नव्हते. धर्माचं नाव आलं की वकील असो, डॉक्टर असो, प्राध्यापक असो, त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

१८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा नेला. त्यात बायका किती होत्या माहीत आहे? सात. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा त्यांतल्या एक. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान नागरी कायदा लावा, अशा मागण्या होत्या. आज एखाद्या पोस्टला सात लाइक आले तर आपण ती पोस्ट काढून टाकतो. त्या सात जणी भर रस्त्यातून चालत गेल्या. घरी परतल्यावर त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज आमच्यासारख्या घरात वाढलेल्याला सहज येतो.

मेहरुन्निसाबाईंबद्दल वेगळं सांगायला हवं. त्या पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. १९५६ मध्ये लग्न झालं ते आधी इस्लामी पद्धतीने. मग महिन्याभराने दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदणी केली. कारण सरळ होतं. त्या कायद्याखाली तीन शब्दांत तलाक देता येत नाही आणि दुसरी बायकोही करता येत नाही. म्हणजे दुसऱ्यांना सांगण्याआधी दहा वर्षं या माणसाने स्वतःचे हात बांधून घेतले होते. पुढे नवरा पूर्णवेळ चळवळीत उतरला तेव्हा घर चाललं ते बाईंच्या खादी ग्रामोद्योग आयोगातल्या नोकरीवर.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नाव मुद्दाम महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलं होतं. म्हणजे सुधारणेचा हा वारसा बाहेरून उसना आणलेला नाही, तो याच मातीतला आहे. पुण्याचे सय्यदभाई त्यांचे साथीदार झाले. सय्यदभाईंच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता. त्यांचं ‘दगडावरची पेरणी’ वाचताना मला सारखी आमची फुफी दिसत होती. फरक एवढाच की सय्यदभाई प्रश्न विचारत दारोदार फिरले आणि आमच्या घरात दादीच्या तोंडावर हात ठेवला गेला. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली, तिथे बायका स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगू लागल्या.

शिक्षणाबद्दल दलवाईंचं म्हणणं मला आज सगळ्यांत जास्त पटतं. महाराष्ट्रातल्या मुसलमानाने मराठीत शिकावं, आधुनिक शिक्षण घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. पण नुसती पदवी त्यांना पुरेशी वाटत नव्हती. परंपरेकडे, इतिहासाकडे चिकित्सेने पाहायला शिकवत नसेल तर ते शिक्षण कसलं? इतर समाजांत सुधारकांच्या दोन-चार पिढ्या होऊन गेल्या, त्यांनी शिव्या खाल्ल्या, शेण झेललं. आपल्यात ती फळी उभी राहिली नाही, हे त्यांचं दुखणं होतं.

इथे मी माझ्याकडेच बोट दाखवतो. माझं कामच प्रश्न विचारण्याचं आहे. कोड चालत नसेल तर कुठे चुकलं, का चुकलं, कुणी लिहिलं, तेव्हा परिस्थिती काय होती, सगळं खणून काढायचं. वीस वर्षांपूर्वी कुणा मोठ्या माणसाने लिहिलंय म्हणून कुणी चूक तशीच ठेवत नाही. पण संध्याकाळी लॅपटॉप मिटला की तीच बुद्धी मीही बॅगेत ठेवून देतो. लग्नकार्यात, जमातीच्या बैठकीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर माना डोलावणाऱ्यांत मी असतोच. आमच्या गावातून आता ढिगाने इंजिनिअर, फार्मासिस्ट बाहेर पडतात. प्रश्न विचारणारे किती, ते मात्र विचारू नका.

दलवाई स्वतः धर्म मानत नसत, हे त्यांनी लपवलं नाही. पण कुणाचा नमाज सोडवायला ते निघाले नव्हते. श्रद्धा ज्याची त्याची, कायदा मात्र माणसाच्या हक्काचा, एवढं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सभांवर दगड आले, धमक्या आल्या, स्वकीयांनी वाळीत टाकलं. एक गोष्ट मात्र हल्ली सोयीस्करपणे विसरली जाते. हिंदू जातीयवादावरही ते तितक्याच कडकपणे बोलत. आज काही जण मुसलमानांना झोडपण्यापुरतं त्यांचं नाव घेतात आणि त्यामुळे आमच्याकडचे लोक ते नाव ऐकताच कान बंद करतात. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच होतं.

शेवटची दोन-तीन वर्षं मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांना पोखरलं. मुंबईत शरद पवारांच्या सरकारी बंगल्यात काही काळ ते राहिले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. कोणताही धार्मिक विधी नको अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती, त्याप्रमाणे विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्यावरूनही गदारोळ झालाच. काम मेहरुन्निसाबाईंनी पुढे चालवलं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा त्या सातांतल्या या बाईंना जाऊन अडीच महिने झाले होते. त्या जूनमध्येच गेल्या होत्या.

आता दस्मानकडे परत येतो. मागच्या वर्षी ऑफिसात जेवताना विषय निघाला. आमचे एक इजिप्तचे ज्येष्ठ सहकारी आहेत, पाच वेळचे नमाजी. तिहेरी तलाक भारतात २०१७ पर्यंत चालत होता हे ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या देशात १९२९ पासून एका दमात तीनदा म्हटलेला तलाक एकच धरला जातो. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वच बंद केलं. पाकिस्ताननेही १९६१ मध्ये कायदा बदलला. यातल्या शेवटच्या दोन तर दलवाई हयात असतानाच्याच गोष्टी. इतर मुस्लिम देशांत बदल होतो तर आपल्याकडे का नको, असं ते तेव्हाच विचारत होते. मग त्या सहकाऱ्यांनी सहज सांगितलं की कुवेतमध्येही १९८४ च्या कायद्याप्रमाणे एका वेळचे तीन म्हणजे एकच.

मला जेवण गेलं नाही. कारण मघाशी एक गोष्ट मी सांगायची ठेवली होती. फुफीला आलेलं ते पत्र कुवेतहून आलं होतं. १९९७ साली. ज्या शहरातून ते पोस्टात पडलं, तिथल्या कायद्याला असा तीनदा लिहिलेला शब्द तेरा वर्षांपासून एकच वाटत होता. आणि समुद्राच्या पलीकडे, मशिदीच्या ओट्यावर, चार शहाण्या माणसांनी तो तीन धरला. कुणाचा कायदा कुणाला लागू होतो, या बारकाव्यांत मी शिरत नाही. पण हेही बसतं का, एवढं विचारायला काय हरकत होती?

हा लेख लिहायच्या आधी फुफीला व्हिडिओ कॉल केला. ती आता पन्नाशी ओलांडलेली आहे. शिवणकाम करून तिने मुलीला बी.एड. केलं. नाव न घालता लिही म्हणाली. मी तिला कुवेतच्या कायद्याचं सांगितलं. ती बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिने फक्त विचारलं की त्या दिवशी ओट्यावर बसलेल्यांपैकी एकालाही शंका कशी आली नाही, आणि आली असेल तर तो बोलला का नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समुद्रावर चालताना मी तोच प्रश्न घोळवत होतो, तेवढ्यात घरून फोन आला. माझ्या सात वर्षांच्या मुलीला काहीतरी विचारायचं होतं. असलं विचारायचं नसतं, हे आजोबांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि तिला म्हटलं की मला माहीत नाही, घरी येतो, आपण दोघं मिळून शोधू.