पश्चात्तापाचें बोलावणें : संत फ्रान्सिस झेवियर

मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या भागांतील ख्रिस्ती घरांत संत फ्रान्सिस झेवियर यांचा उल्लेख व्हावयाचा तो गोव्याचे सायब म्हणून. २००५ सालीं सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तरी ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्याकडे जाणारी आमची वाट मोडलेली नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत त्यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन खुलें होतें, तेव्हां तर तिकडे मोठी रीघ लागली होती. परंतु ज्यांच्या पेटीपुढें आपण गुडघे टेकतों, त्यांनींही एके काळीं परमेश्वराचें बोलावणें कित्येक वर्षें दाराबाहेर ताटकळत ठेविलें होतें, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. ती आम्ही येथें सांगत आहों.

नावार देशांतील झेवियरच्या किल्ल्यांत ७ एप्रिल १५०६ रोजीं त्यांचा जन्म झाला. घराणें कुलीन, पण लढायांनीं खालावलेलें. १५२५ सालीं ते पॅरिसच्या विद्यापीठांत आले. विद्या संपादावी आणि पुढें पांप्लोना येथील मुख्य मंदिरांत मानाची व उत्पन्नाची जागा मिळवावी, असा त्यांचा बेत होता. १५२९ सालीं त्यांच्या खोलींत एक नवा विद्यार्थी राहावयास आला. तो चाळिशीकडे झुकलेला, लढाईंत पाय अधू झालेला माजी सैनिक होता. तेच इग्नेशियस लॉयोला. खोलींतील दुसरे सोबती पीटर फेबर लौकरच त्यांच्या बाजूला वळले. झेवियर मात्र थट्टा करीत राहिले. इग्नेशियसनीं वाद घातला नाहीं. झेवियर शिकवूं लागले तेव्हां त्यांनीं त्यांना विद्यार्थी आणून दिले, पैशाची अडचण भागविली, आणि शुभवर्तमानांतील एकच प्रश्न पुनः पुनः त्यांच्या कानांवर घातला: सर्व जग मिळवून आत्मा गमावला तर मनुष्याच्या हातीं काय उरलें?

झेवियर कांहीं दुराचारी नव्हते. त्यांचा दोष आपल्यासारख्या सभ्य माणसांचा, म्हणजे उद्यां पाहूं म्हणण्याचा होता. आणि आमच्या मतें तो अधिक कठीण, कारण दुराचारी मनुष्याला निदान आपण चुकतों आहों हें ठाऊक असतें. सुमारें चार वर्षें हें असें चाललें. अखेर ते शरण आले, आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजीं माँमार्त्रच्या टेकडीवर सात सोबत्यांनीं जें व्रत घेतलें, त्यांत तेही होते.

१५३७ सालीं व्हेनिस येथें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघून तेरा महिन्यांनीं, ६ मे १५४२ रोजीं, ते गोव्यास उतरले. त्या वेळच्या गोव्यांत इगर्जी होत्या, पाद्री होते, सणांचा थाटही होता. पण पोर्तुगीज सरदार व सैनिक यांपैकीं पुष्कळ जण पैशाच्या मागें लागलेले, गुलामांना मारझोड करणारे, विवाहावांचून बायका ठेवणारे होते. स्वदेशीं परतल्यावर सावकाश पश्चात्ताप करूं, असा त्यांचा हिशेब असावा. त्या काळच्या समुद्रप्रवासांत किती जण वाटेंतच मरत, हें आमच्या दर्यावर्दी वाचकांना सांगावयास नको.

झेवियर इस्पितळांत राहूं लागले. ते कैद्यांकडे जात, रविवारीं शहराबाहेरील कुष्ठरोग्यांसाठीं मिस्सा करीत, आणि हातांत लहानशी घंटा घेऊन रस्त्यांतून हिंडत, मुलें व गुलाम यांना धर्मशिक्षणास बोलावीत. घंटा मुलांसाठीं वाजे, पण ती मोठ्यांनाही ऐकूं येई.

मोठ्यांसाठीं त्यांची रीत निराळी होती. पाप्याच्या दारांत उभें राहून ते धमकी देत नसत. आपण होऊन त्याच्याकडे जेवावयास जात, मुलाबाळांची विचारपूस करीत, आणि ओळख पक्की झाल्यावर घरांतील बाईशीं रीतसर लग्न लावण्याचा विषय काढीत. जुने चरित्रकार एका सैनिकाची हकीकत देतात. त्यानें अठरा वर्षें कुमसार केलें नव्हतें. झेवियरनीं जहाजावर त्याच्याशीं मैत्री जोडली आणि किनाऱ्याला लागल्यावर त्याचें कुमसार ऐकलें. प्रायश्चित्त अगदीं थोडें दिलें. बाकीचें स्वतः रानांत जाऊन आपल्या पाठीवर फटके मारून भोगलें. १५४९ सालीं ओर्मूझला निघालेल्या गास्पार बार्झेउस यांना त्यांनीं लेखी सूचना दिल्या. लाजेनें ज्याचें तोंड उघडत नाहीं, त्याला पाद्रीनें आपल्याच गतायुष्यांतील चुका सांगून धीर द्यावा, असें त्यांत आहे. पॅरिसमधील ती खोली आठवल्यावांचून हें लिहिलें गेलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

तो जुना प्रश्नही ते विसरले नव्हते. जानेवारी १५४८ मध्यें कोचीनहून पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं सुचविलें कीं, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन यानें रोज पाव तास त्याच वचनाचें मनन करावें. त्यानंतर गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटण्यासाठीं ते वसईस गेले. म्हणजे त्यांचें जहाज आमच्याच वेंगुर्लें, मालवण, देवगडच्या समोरून गेलें. मालवणपुढील कुरटें बेटावर तेव्हां किल्ला नव्हता. शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला तो १६६४ सालीं.

याच कास्त्रोंनीं १५४६ सालीं दीवचा वेढा मोडला होता, आणि पुढल्या वर्षीं गोव्यांत त्यांची मोठी विजयी मिरवणूक निघाली होती. व्हाइसरॉयपदाची राजाज्ञा त्यांच्या हातीं पडली ती मरणाच्या थोडेच दिवस आधीं. त्यांनीं कारभार दुसऱ्यांवर सोपविला आणि उरलेला वेळ आत्म्याच्या तयारीला दिला. ६ जून १५४८ रोजीं त्यांनीं प्राण सोडला तेव्हां झेवियर जवळ होते.

चार वर्षांनीं चीनच्या दाराशीं, सान्च्यान बेटावर, झेवियर स्वतः तापानें पडले. झोपडी गवताची, बाहेर थंडीचा वारा. जवळ अँतोनियो हा चिनी ख्रिस्ती तरुण होता. आयुष्यभर दुसऱ्यांचीं कुमसारें ऐकणाऱ्या या पुरुषाचें शेवटचें कुमसार ऐकावयास त्या बेटावर एकही पाद्री नव्हता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं पहाटेपूर्वीं अँतोनियोनें त्यांच्या हातांत पेटती मेणबत्ती दिली, आणि तिच्या उजेडांत येशूचें नांव घेत ते गेले. वय शेहेचाळीस. १५५४ च्या मार्चमध्यें त्यांचा देह गोव्यास पोंचला.