रेव्हरंड टिळकांचा मार्ग

गेल्या वर्षी आमच्या वर्गात सर्वधर्मसमभावावर चर्चा चालली असता एका मित्राने सरळच विचारले, की आता शाळा सरकार काढते, दवाखाने सरकार चालवते, राज्याला स्वतःचा धर्म नाही. मग ख्रिस्ती धर्माचे आपल्या समाजात काम ते काय उरले? वर्गात एकही ख्रिस्ती विद्यार्थी नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर मिळाले नाही. मलाही ते देता आले नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचा माग काढता काढता मी ज्या माणसापाशी येऊन पोहोचलो, त्याची ओळख मला शाळेपासून होती. ‘केवढे हे क्रौर्य’ लिहिणारे, फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मी रोज आमगावहून गाडीने गोंदियाला कॉलेजात येतो. नागपूरहून तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड असे करीत हीच वाट राजनांदगावला जाते. १८९३ साली टिळक या वाटेने गेले, म्हणजे गोंदियाचे स्टेशन त्यांच्याही डोळ्यांपुढून गेलेच असणार. ही गोष्ट कळल्यापासून मला हे चरित्र आपल्या गावचे वाटू लागले आहे.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. जात चित्पावन ब्राह्मण, वडील करडे, आई भाविक. आई गेल्यावर हा मुलगा घर सोडून नाशकास गेला आणि तेथे त्याने संस्कृतचा कसून अभ्यास केला. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कीर्तने, पुराणे, शिक्षकी, कविता, सारे करून ते नागपूरला आले आणि आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. त्या काळात एक नवा धर्मच काढावा असे त्यांच्या मनात घोळत होते. त्यात जातिभेद नको होता, ग्रंथप्रामाण्यही नको होते. देव पिता आणि माणसे भावंडे, एवढे पुरे. नोकरीही धड नसलेला गृहस्थ नवा धर्म काढायला निघतो याचे मला प्रथम हसू आले. पण जातीच्या अन्यायाने जो खरोखर अस्वस्थ होतो, त्यालाच असले वेड सुचते.

राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळण्याच्या आशेने ते गाडीत बसले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने अरेरावी केली नाही, उलट जागा करून दिली. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्मावर आले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते वेडगळ वाटले. तरी पुस्तक त्यांनी वाचले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. ज्या नव्या धर्माची ते जुळवाजुळव करीत होते, तो तेथे आधीच लिहिलेला होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. याची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ती मोजली लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून घर नाही, पदरी लहान दत्तू, आणि पंढरपुरात नातेवाइकांकडे राहणे. सुमारे पाच वर्षे ही ताटातूट चालली. टिळकांनी पत्नीला आधी विश्वासात घेतले नाही, हा त्यांचा दोष मी पदरात घालू शकत नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या. सोवळेओवळे त्यांनी कोणाच्या सांगण्याने टाकले नाही, स्वतः विचार करून एकेक पायरीने सोडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला यापुढच्या आयुष्यात सापडते. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस तेव्हा आपल्या माणसांना परका होई. प्रार्थनेतली गीते बव्हंशी इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही तिकडच्या. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन मंदिरात नेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत आणि ते लपवीत नसत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहिले, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढले, आणि हिंदूच राहिले.

येथे आपल्या भागातील एक गोष्ट आठवते. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. त्या सरकारने १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. परदेशी पैसा आणि आमिषे हा त्यातील मोठा आक्षेप होता. त्यावर आजही दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. पण परदेशी पैशाचे हे ओझे टिळकांना आतूनच, त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे, बोचले होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. ख्रिस्ताला मानणाऱ्याने आपला समाज सोडलाच पाहिजे, ही अट त्यांनी काढून टाकली. दरबारात पगार नव्हता, सत्तेचा आधार नव्हता. ज्या राज्याला स्वतःचा धर्म नाही, तेथे कोणत्याही धर्माला अशाच रिकाम्या हाताने उभे राहावे लागते. म्हणून मला टिळक त्यांच्या काळापेक्षा आपल्या काळाचे वाटतात. सरकार दवाखाना काढू शकते. पण राजनांदगावच्या गाडीतील तो गोरा राज्यकर्त्यांच्या जातीचा असून एका अनोळखी काळ्या माणसाला शेजारी बसवून घेतो, ते कोणत्या खात्याकडून होणार?

दरबार फार चालला नाही. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते, त्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. एका बाप्तिस्म्याने जिचा संसार मोडला होता, तिनेच ओवीमागून ओवी रचीत ते काव्य पुरे केले. १९३६ साली त्या गेल्या.